कोपऱ्यातला जादा टाका

ऑपरेशन मनासारखं झालं की आमचा सर्जन डब्यांची चौकशी सुरू करतो. कुणी काय आणलंय, कुणाची भाजी कालची आहे, कोण आज उपवासाच्या नावाखाली साबुदाणा चापणार आहे. हात रुग्णाच्या छातीत आणि तोंडात मेथी. नव्या नर्सना सुरुवातीला हे चमत्कारिक वाटतं, पण लवकरच त्यांनाही कळतं की डब्याचा विषय निघाला म्हणजे धोका टळला. त्या दिवशीही त्याने विचारलं, "आज डब्यात काय गं?" मी मात्र उत्तर दिलं नाही, कारण समोरच्या पडद्यावर मला जे दिसत होतं ते मला अजिबात आवडलं नव्हतं.

मी भूल देणारी डॉक्टर. अंधेरीच्या एका हॉस्पिटलात हृदयाच्या ऑपरेशनांना भूल देते, आणि त्याच वेळी रुग्णाच्या तोंडातून अन्ननलिकेत एक लवचिक नळी सरकवून सोनोग्राफीने हृदय बघत राहते. अन्ननलिका हृदयाच्या पाठीला लागूनच खाली उतरते, त्यामुळे तिथून जे स्वच्छ चित्र मिळतं ते छातीवरून कधी मिळत नाही. झडपेचं काम सर्जन हृदय थांबवून करतो. ती झडप चालती झाल्यावर आतून कशी वागते, ते फक्त मला दिसतं. आमची निम्मी भांडणं ह्या एका गोष्टीवरून होतात.

भांडणं म्हणजे जुनीच. आम्ही एका कॉलेजचे, एका बॅचचे. तो मुलुंडचा, मी घाटकोपरची, आणि कॉलेजात असताना परीक्षेआधी एकमेकांच्या वह्या पळवून वर एकमेकांनाच शिव्या देणारे. आता तो मोठा सर्जन झालाय, लोक त्याला वाकून नमस्कार करतात. मी करत नाही, आणि त्यालाही ते बरं वाटत असावं.

माझा स्वभाव संशयी. कुलूप ओढून बघितल्यावर फाटकापासून परत वर जाऊन पुन्हा ओढणाऱ्यांतली मी. नवरा म्हणतो, हिच्याबरोबर गाडी पकडायची तर एक गाडी आधीची पकडावी लागते. कामातही तेच. छाती उघडायच्या आधी मी हृदयाची प्रत्येक भिंत बघते, ती चित्रं मशीनमध्ये साठवते आणि मग एक रक्तवाहिनी शोधत बसते. हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या वाहिन्या असतात, त्यांतली डावीकडची एक शाखा झडपेच्या कडेकडेने वळसा घालून मागे जाते. ती सगळ्यांमध्ये दिसतेच असं नाही आणि ती बघितलीच पाहिजे असंही कुणी म्हणत नाही. पण मला ती दिसल्याशिवाय चैन पडत नाही. तोवर सर्जन हात धुऊन, ओले हात वर धरून माझ्या डोक्याशी उभा. "झालं का गं तुझं दर्शन?"

आमचं घर बौद्ध. घरात देव्हारा नाही, आणि देवळाच्या रांगेत मी जन्मात उभी राहिलेली नाही. हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणूनच तो मुद्दाम विचारतो. मीही त्याला सांगते, गपचूप रांगेत उभा राहा.

तर त्या दिवशी टेबलावर होती वर्सोव्याची एक कोळीण. तिशीतली. मासळीची पाटी उचलली की धाप लागायची, मग जिना चढताना लागायला लागली, मग झोपल्यावरही. हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेला दोन पाळ्या असतात आणि त्या पाळ्यांना बारीक दोऱ्यांनी धरून ठेवलेलं असतं. तिची एक दोरी तुटली होती. दर ठोक्याला रक्त पुढे जायच्या ऐवजी उलटं फिरत होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं तिला भेटायला बसलो, तेव्हा ती फारशी बोलली नाही. बोलली तिची आई. आई म्हणजे वर्सोव्याच्या बाजारात अख्खा जन्म गेलेली, अंगाने आडवी, आवाजाने उभी. सर्जनने समजावून सांगितलं की झडप दुरुस्त करता येईल, किंवा नाहीच जमलं तर काढून धातूची नवी घालता येईल. नवी टिकते चांगली, पण मग रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर. पातळ म्हणजे काय, आईने विचारलं. म्हणजे कापलं, लागलं तर रक्त लवकर थांबत नाही, त्याने सांगितलं.

आईने मुलीचा हात उचलून आमच्यासमोर धरला. बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या बारीक रेघाच रेघा. रोज सकाळपासून कोयत्याने मासळी साफ करणारा हात.

"रोज कापतंय हो," ती म्हणाली. "रगत थांबला नाय त पोरीनं खायाचा काय? तू नवा घालू नको. शिव. जालां फाटला म्हनून कोन नवा आनतो काय? शिवताव आमी."

बाहेरच्या रिसेप्शनवाल्या मुलीला सरांना कुणी "तू" म्हटलेलं कधी ऐकू आलं नसावं, तिचे डोळे मोठे झाले. सर्जन मात्र खूश. ह्याला अशी माणसं आवडतात. तो म्हणाला, शिवतो. इथवर ठीक होतं. पण पुढे तो म्हणाला, "शिवूनच देतो. पूर्ण गळती बंद. शब्द देतो." मी टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय दिला. डॉक्टरने शक्यता सांगावी, शब्द देऊ नये, हे आम्ही दोघं वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आलोय. पण तोवर शब्द तोंडातून गेला होता, आणि आईने तो घेतलाही होता. ती उठताना म्हणाली, "आता तुज्यावर."

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मोठ्या वयाच्या माणसांची झडपेआधी अँजिओग्राफी होते, रक्तवाहिन्यांचा नकाशा मिळतो. हिच्या वयाला, बाकी काही त्रास नसताना, त्याची सहसा गरज नसते. त्यात कुणाची चूक नव्हती. पण हिच्या हृदयातल्या वाहिन्या कुठून कशा जातात ते कुणीच बघितलेलं नव्हतं. जे काय बघितलं ते सकाळी मी, माझ्या खोडीपायी.

आणि ती वाहिनी दिसली होती. चांगली जाड, एरवी असते त्याहून मोठी, आणि झडपेच्या डाव्या कोपऱ्याला अगदी चिकटून चाललेली. मी त्याला म्हटलं, डावीकडची जाड आहे आणि कोपऱ्यालगत आहे, तिथे जपून. तो म्हणाला हो. पण मी हे दर वेळी काहीतरी सांगतेच. बसमध्ये कंडक्टरचं "पुढे सरका" जसं ऐकलं जातं, तसं ते ऐकलं गेलं असणार.

पहिला भाग सुरेख झाला. हृदयाचं काम पंपाने घेतलं, हृदय थांबलं, त्याने झडपेला नव्या दोऱ्या बांधल्या, कडेला एक कडं शिवून झडपेचा घेर आवळला. पुन्हा हृदय सुरू केलं. मी मागून बघितलं. मोठी गळती गेली होती. पण डाव्या कोपऱ्यात, कड्याच्या लगत, एक बारीक धार शिल्लक होती.

मी सांगितलं. त्याने विचारलं, किती. मी म्हटलं, थोडी. सोडता येईल का? सोडता येईल, मी म्हटलं, पण वाढणारच नाही असं मी लिहून देणार नाही. तो काय विचार करत होता ते मला मास्कच्या वरूनही कळत होतं. पूर्ण गळती बंद, असं बोलून बसला होता.

परत पंप, परत हृदय थांबवलं. त्याने कोपऱ्यात एक जादा टाका घेतला. सैल पडू नये म्हणून चांगला खोल घेतला. हे दुसऱ्यांदा थांबवणं हृदयाला मानवतंच असं नाही, ते तो विसरला नव्हता, म्हणून भराभर उरकलं. हृदय सुरू झालं, पण आपली लय नीट धरेना, म्हणून पेसमेकरच्या तारा जोडून बाहेरून ठोके दिले. पंप हळूहळू कमी केला. मी झडप बघितली.

एक थेंब गळत नव्हता. रंगीत चित्रात गळती असली की भडक धार दिसते. तिथे काही म्हणजे काही नव्हतं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे सगळ्यांनी माना वर करून बघितलं आणि सगळ्यांचे खांदे एकदम खाली आले. तेव्हाच तो म्हणाला, "आज डब्यात काय गं?"

मी तोवर नळी पुढे सरकवून पोटात उतरवली होती. तिथून वर बघितलं की हृदयाचा डावा कप्पा आडवा कापल्यासारखा गोल दिसतो, भाकरीसारखा. निरोगी हृदयात हा गोल चहूबाजूंनी आत येतो, भिंत जाड होते, सैल होते. हा गोल तीन बाजूंनी आत येत होता. चौथी बाजू, बाहेरची, नुसती उभी होती. बाकीच्या भिंती ओढतील तशी थोडी डुलत होती, पण स्वतः काही करत नव्हती.

मी म्हटलं, "बाहेरची भिंत हलत नाहीये."

डब्याचा विषय तिथेच मेला. त्याने बघितलं, मग म्हणाला, हवा असेल. हृदय उघडलं की आत हवा शिरते, ती थोडी रक्तवाहिनीत गेली की त्या वाहिनीचा स्नायू काही वेळ रुसतो, मग हवा पुढे निघून जाते आणि स्नायू जागा होतो. हे खरंच होतं, आम्ही दोघांनी ते कितीदा पाहिलंय. दाब वाढव, थांबूया, तो म्हणाला. मी औषध वाढवलं. दाब चढला. आम्ही थांबलो.

थांबणं म्हणजे काय ते त्या खोलीत बसून कळतं. एरवी ईसीजीवर नजर टाकली की रक्तपुरवठा कमी पडतोय का ते समजतं, पण पेसमेकरच्या ठोक्यांमध्ये ती रेघ अशी वेडीवाकडी होते की तिच्यावर विसंबून चालत नाही. म्हणजे सांगणारी मी एकटी. पडद्याच्या एका बाजूला मी सकाळचं चित्र लावलं, दुसऱ्या बाजूला आत्ताचं. सकाळी तीच भिंत जोरकस आत येत होती. आता स्नायू जर उपाशी असेल, तर आम्ही उभे होतो तेवढा वेळ तो मरत होता. नुसता दमलेला असेल, तर आपोआप उठला असता. दोन्ही गोष्टी पडद्यावर एकसारख्याच दिसतात.

भिंत उठली नाही.

मी म्हटलं, हवा नाही ही. रुग्ण पाठीवर झोपलेला असतो, हवा वर तरंगते, आणि सगळ्यांत वर तोंड असलेली वाहिनी उजवीकडची. हवा असती तर उजवी बाजू आणि खालची भिंत बिघडली असती. त्या दोन्ही छान चालल्यात. तो म्हणाला, दोनदा थांबवलंय हृदय, दमलंय ते, वेळ दे. आणि तिथे मी चिडले.

"दमलं असतं तर अख्खं दमलं असतं रे. एकट्या त्या भिंतीने काय घोडं मारलंय?"

माझा आवाज चढला असावा, कारण माझी ज्युनिअर मान खाली घालून सिरिंजा नीट लावायला लागली. मी सकाळची ती वाहिनी शोधू लागले. सकाळी कोपऱ्यापाशी तिच्यातल्या वाहत्या रक्ताचा रंग स्वच्छ दिसला होता. आता त्याच जागी रंग नव्हता. नळी फिरवली, वाकवली, मागे घेतली, पुन्हा पुढे केली. नाहीच. पण हा पुरावा नव्हे हे मलाही कळत होतं. झडपेभोवती आता कडं होतं आणि कड्याची सावली पडते. सावलीत वाहिनी लपू शकते.

हे सगळं मी त्याला सांगितलं. जे दिसलं तेही, आणि जे दिसलं नाही त्याबद्दल माझी शंकाही. त्याच्या मनात काय चाललंय ते मला माहीत होतं, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं. माझं बरोबर असेल तर एकच अर्थ होता. त्या जादा टाक्याने वाहिनी दाबली गेली होती. मग तिसऱ्यांदा हृदय थांबवायचं, तो टाका काढायचा, म्हणजे गळती परत. आणि काढताना बाकीची शिलाई सैल झाली, तर दुरुस्ती जाऊन धातूची झडप, जन्मभर गोळ्या, आणि ते कोयत्याने कापलेले हात. पण माझं चूक असेल, तर नुसत्या दमलेल्या हृदयाला आम्ही तिसऱ्यांदा थांबवणार होतो, आणि ते मग सुरू झालंच नाही तर ते माझ्या सांगण्यावरून झालं असतं. बाहेर जिन्याशी तिची आई बसलेली मी सकाळी येताना बघितली होती.

मला भीती वाटत होती. मास्क असतो म्हणून लोकांना वाटतं की डॉक्टर घाबरत नाहीत.

आमचा पंप चालवणारा माणूस मालवणचा, बोरिवलीत राहणारा, आमच्यापेक्षा वयाने मोठा. एरवी ऑपरेशनभर एक अक्षर बोलत नाही. तो खुर्चीवरून पुढे झुकून म्हणाला, "बाईनू, काय करूचा ता बेगीन सांगा." विचारलं त्याने मला, पण बघत होता सर्जनकडे.

सर्जनने मान वर केली. आमच्या मधला कापडी पडदा थोडा खाली ओढला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग ज्या शब्दाने तो मला रोज चिडवतो त्याच शब्दाने, पण चेष्टेचा लवलेश नसलेल्या आवाजात त्याने विचारलं, "सकाळी दर्शन झालं होतं ना?"

"झालं होतं."

"कुठे होती?"

"त्याच कोपऱ्यात. झडपेला चिकटून. तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. "खात्री आहे आता?"

"नाही. पण भिंत हलत नाहीये, आणि तुझा टाका तिथेच आहे."

मला त्याने तिच्या आईला दिलेला शब्द आठवला, टेबलाखालचा बूट आठवला, आणि मला त्याचा राग आला, त्याच्यासाठी वाईटही वाटलं. मी म्हटलं, "तू शब्द झडपेचा दिलास. ती भिंत मेली तर इतकी सुंदर झडप घेऊन ती करणार काय?"

त्याने पंपवाल्याला नुसती मान हलवली. पंप पुन्हा सुरू झाला.

त्यानंतरचा वेळ माझा सगळ्यांत वाईट. हृदय थांबलं की माझ्या पडद्यावर बघायला काही उरत नाही. करण्यासारखंही फार नसतं. एक मदतनीस सर्जन तिच्या पायातली शीर काढायच्या तयारीत उभा होता, कारण टाका काढूनही वाहिनी उघडली नाही तर बायपास करावा लागला असता, आणि त्या मागच्या अडचणीच्या जागी तो कितपत जमला असता कोण जाणे. मी माझ्या स्टुलावर बसून तिच्या कपाळावरचं कुंकू बघत होते. ऑपरेशनला नेताना ते पुसायला सांगतात, नर्सने पुसलंही होतं, पण आईने दाबून लावलेलं, थोडं राहिलंच होतं. मी मनात स्वतःला विचारत होते की सावलीत लपलेली वाहिनी मी बंद पडलेली तर समजले नाही ना. उत्तर मिळत नव्हतं. बुद्धाची शिकवण लहानपणापासून ऐकलेली, पण त्या स्टुलावर माझं मन माकडासारखं ह्या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत होतं.

सर्जन आत बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "काढला." बास, एवढंच. टाक्याने काय धरलं होतं, नव्हतं, काही बोलला नाही. बाकीची शिलाई टिकली होती.

हृदय बंद करून शिवलं, हवा काढली, रक्त सोडलं. हृदय आधी नुसतं थरथरलं, मग त्याने ठोका धरला. ह्या वेळी स्वतःचा. मी नळी पोटात नेली, गोल शोधला, बाहेरची भिंत बघितली. ती उभीच होती.

"हलली का?" त्याने विचारलं.

"थांब."

बराच काळ उपाशी राहिलेला स्नायू लगेच उठत नाही हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दाब थोडा वाढवला. मग मला वाटलं की भिंतीची आतली कड थोडी जाड झाली. मी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. सकाळचं चित्र शेजारी लावलं, मघाचं मेलेलं चित्र त्याच्या शेजारी लावलं, आणि बघत राहिले. कड पुन्हा जाड झाली. मग पुढच्या ठोक्याला जरा अधिक. आळसावलेल्या माणसाने एकेक पाय खाली सोडावा तशी ती भिंत उठत होती. नळी मागे घेऊन मी कोपरा बघितला, आणि वाहिनी होती. रंग होता.

"हलतेय," मी म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा कुठे त्याने मान हलवली.

"आणि गळती?"

मी झडप बघितली. कोपऱ्यात तीच बारीक धार, पहिल्या वेळेइतकीच. मी सांगितलं. आता त्याच्यासमोर उरलेला प्रश्न सोपा होता आणि त्याच्यासाठी तोच सगळ्यांत अवघड. तो पडद्याकडे बघत उभा राहिला. "ठेवू?"

"ठेव."

त्याने छाती बंद करायला घेतली. डब्याचं काही विचारलं नाही.

कपडे बदलून तो बाहेर निघाला तेव्हा मला म्हणाला, चल. तो एरवी नातेवाइकांशी एकटा बोलतो, पण त्या दिवशी माझी बाही धरून घेऊन गेला. जिन्यापाशी अर्धा कोळीवाडा बसला होता. वॉचमनने त्यांना हलवायचा नाद सोडून दिला होता. आई उठून उभी राहिली.

त्याने तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळं. पोरगी ठीक आहे, झडप तिचीच आहे, शिवलीय. पण एक टाका मी जादा घेतला, त्याने हृदयाला रक्त नेणारी शीर दाबली गेली, म्हणून तो काढावा लागला, आणि आता थोडं गळतंय. किती सर्जन ही वाक्यं अशी सरळ, "मी" लावून बोलतात ते मला माहीत आहे. मला माझ्या मित्राचा त्या वेळी अभिमान वाटला आणि मी ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

आई ऐकत होती. तिने आधी विचारलं, कोयता धरेल ना. धरेल, तो म्हणाला. गोल्या जलमभर? नाही, थोडे महिने, मग बंद. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं, आणि मग वर बघून, रागाने नव्हे, खरोखरच कळून घ्यायचं असल्यासारखं म्हणाली, "मंग आदी शब्द कशाला दिलास रे?"

तो खाली वाकला आणि मला वाटलं तो तिच्या पाया पडतोय. पण तो तिच्या शेजारी पायरीवर बसला होता, दोन बायकांच्या मधल्या फटीत, आणि कुणीतरी त्याला पाण्याची बाटली दिली.

त्यानंतर त्याने कुणाला शब्द दिलेला मी ऐकलेला नाही. कुणी फारच आग्रह केला, तर माझ्याकडे बोट दाखवतो. आणि सकाळी माझं वाहिनी शोधणं चाललेलं असताना आता गप्प उभा राहतो. दर्शन झालं का म्हणून विचारतो, पण झाल्यावर.

ती तपासणीला येत राहिली. मी दर वेळी आधी बाहेरची भिंत बघते आणि मग झडप. धार आहे तेवढीच आहे. गोळ्या बंद झाल्या. ती आता पाटी उचलते, धाप लागत नाही, आणि मला येताना काही आणू नको म्हटलं तरी सुकट आणते.

मध्यंतरी एका रविवारी मी मासळीला वर्सोव्याला गेले. तिथे तीच बसलेली. शेजारी आई, गिऱ्हाइकाशी भांडत. मी एक सुरमई घेतली. ती बोलता बोलता खवले काढत होती, बघत होती माझ्याकडे, आणि कोयता घसरला. डाव्या हाताचं बोट कापलं, रक्त वर आलं. मी पुढे झाले. माझं सगळं अंग त्या बोटाकडे लागलं होतं, बाजार ऐकू येईनासा झाला. तिने हात बादलीतल्या पाण्यात बुडवला, बाहेर काढला, अंगठ्याने दाबून धरला, आणि आईला पिशवी द्यायला सांगितलं. मग अंगठा उचलला. एक लाल रेघ होती, कोरडी. बाकीच्या पांढऱ्या रेघांमध्ये एकीची भर.

"काय बगतंस गो डाक्तरीन?" ती म्हणाली. "तुकडं करू का अख्खी नेतंस?"

मी म्हटलं, तुकडे कर.

दुसऱ्या दिवशी एक झडप चांगली झाली आणि पलीकडून प्रश्न आला, आज डब्यात काय गं. मी म्हटलं सुरमई. वर्सोव्याची. कापली कुणी, त्याने विचारलं. मी सांगितलं. हातातली सुई तशीच धरून त्याने विचारलं, हात कापते का अजून?

"काल कापला," मी म्हटलं. "माझ्यासमोर. थांबलं रक्त."

त्याने नुसतं हं केलं आणि पुढचा टाका घेतला. दुपारी माझ्या डब्यातले तिन्ही तुकडे त्यानेच खाल्ले, आणि मी पोळी-लोणच्यावर भागवलं.